बिल आधी वाचा, खिशात हात नंतर

परदेशातल्या समुद्रकाठच्या हॉटेलात सुट्टीला जायचं ठरलं की आपण विमानाचं तिकीट, खोलीचं भाडं, नाश्ता धरून की सोडून, जैन जेवण मिळेल का, हे सगळं दहा जणांना विचारून घेतो. टिपेचं मात्र "तिथं गेल्यावर बघू" म्हणून सोडून देतो. ते बघायची वेळ येते निघण्याच्या सकाळी. बोट लागलेली असते, बॅगा चढवणारा हसून उभा असतो आणि पाकिटात शंभर डॉलरची एकच नोट असते. अशा वेळी आकडा आपण ठरवत नाही, भीड ठरवते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. कुणी भिडेपोटी नको तितके देऊन वर्षभर हळहळतो, तर कुणी नजर चुकवून बोटीत जाऊन बसतो.

माझा अनुभव मालदीवचा आहे. थोरला भाऊ, वहिनी आणि आम्ही दोघं असे गेलो होतो. मालदीवचं वेगळेपण असं, की तिथं बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. बाहेर कोपऱ्यावरचं दुसरं हॉटेल नाही आणि रिक्षाही नाही. जेवणाचं टेबल ठरलेलं, टेबलाचा वेटरही बहुधा ठरलेला. खोली आवरणारा तोच माणूस सकाळी झाडलोट करतो आणि संध्याकाळी येऊन अंथरूण नीट करून जातो. माणसं तीच ती भेटत राहतात, त्यामुळे देण्याघेण्याचा अवघडलेपणा शहरातल्या हॉटेलापेक्षा इथं जास्त जाणवतो. त्यात सगळा खर्च खोलीच्या नावावर सहीनं चालतो, पाकीट तिजोरीत पडून राहतं. टिप द्यायचं मनात असलं तरी ऐनवेळी हातात नोट नसते.

दादाचा वाद

दुसऱ्या संध्याकाळी जेवणाचं बिल आलं आणि दादाचा पारा चढला. मेनूकार्डावर शंभर डॉलर झालेलं जेवण बिलात 128 डॉलर 70 सेंट झालं होतं. हिशेब सरळ होता. शंभरावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे 110. त्या 110 वर पर्यटनाचा जीएसटी. तो 1 जुलै 2025 पासून 17 टक्के आहे, म्हणजे आणखी 18.70. मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात ते छापलेलंही होतं. काही ठिकाणी किमतीपुढे अधिकाची दोन चिन्हं असतात, त्यांचाही अर्थ हाच.

दादानं कर मान्य केला, सर्व्हिस चार्ज नाही. "आपल्याकडं कोर्टानं सांगितलंय, हा चार्ज सक्तीनं लावता येत नाही. काढून टाका." त्याची माहिती चुकीची नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पण तो कायदा भारतातल्या हॉटेलांना. मालदीवमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथं पर्यटकांच्या हॉटेलांनी किमान 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावायचा आणि तो कर्मचाऱ्यांत वाटायचा, असं तिथला कायदाच सांगतो. फ्रंट ऑफिसमधली मुलगी हेच परत परत नम्रपणे सांगत होती आणि दादा परत परत दिल्लीच्या कोर्टात जात होता. बिलातला एक सेंटही कमी झाला नाही.

पुढची गंमत दुसऱ्या दिवशीची. स्पाच्या बिलावर सहीच्या वर टिपेसाठी कोरी ओळ होती. आदल्या रात्रीच्या वादानं ओशाळलेल्या दादानं तिथं आपण होऊन आणखी 10 टक्के लिहिले. त्या बिलातही सर्व्हिस चार्ज धरलेलाच होता. जे पैसे देणं भाग होतं त्यासाठी तो भांडला आणि जे ऐच्छिक होते ते ओशाळून देऊन आला.

हे पैसे जातात कुठं

या वादाची खबर सगळ्या बेटावर पोहोचली असावी. तिथल्या रेस्टॉरंटमध्ये मालवणकडचा एक मुलगा कामाला होता. मालदीवच्या रिसॉर्टांत आपल्याकडची, बांगलादेशातली, श्रीलंकेतली माणसं भरपूर असतात. आमचं मराठी ऐकून तो स्वतःहून बोलायला आला होता. मी त्याला सरळ विचारलं.

"काकू," तो म्हणाला, "तो चार्ज मालकाचा नाय, आमचा. महिन्याचा सगळा गोळा करून सगळ्यांना सारखा वाटतात. कुकला तेवढाच, बागेत काम करणाऱ्याला तेवढाच. डिसेंबरात बेट भरलेलं असतं तेव्हा बरा येतो, पावसाळ्यात खोल्या रिकाम्या, तेव्हा कमी. काकांनी तो कापा म्हटलं ना, ते आमचे कापा म्हटल्यासारखं झालं."

"मग टिप?"

"ती वेगळी. हातात दिली की ज्याची त्याची. बिलावर लिहिली तर काही ठिकाणी त्या माणसाला मिळते, काही ठिकाणी सगळ्यांच्यात जाते. विचारून लिहायचं."

त्या मुलाच्या बोलण्यानं माझ्या डोक्यातला गोंधळ मिटला. सर्व्हिस चार्ज हा सगळ्या बेटाचा वाटा. भांडी घासणारे, चादरी धुणारे, पहाटे किनारा झाडणारे, जे आपल्याला कधी दिसत नाहीत त्यांच्यापर्यंत तो पोहोचतो. टिप ही ज्या माणसानं आपल्यासाठी काही केलं त्याला आपण आपल्या मर्जीनं दिलेली रक्कम. पहिल्याबद्दल वाद घालू नये आणि दुसरीबद्दल दडपण घेऊ नये. बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर टक्क्यांच्या हिशेबानं पुन्हा टिप देण्याचं कारणच उरत नाही. द्यायची तर माणूस पाहून, ठरावीक रक्कम द्यावी.

खोलीच्या हिशेबात आणखी एक रक्कम दिसेल, ग्रीन टॅक्स. जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये तो माणशी रोज 12 डॉलर आहे. हा सरकारचा कर आहे, कर्मचाऱ्यांशी त्याचा संबंध नाही. "एवढे घेतलेत की आधीच" असं म्हणताना तो त्यात मोजू नये.

किती, कुणाला

खाली दिलेले आकडे हा माझा ठोकताळा आहे, मध्यम दराच्या रिसॉर्टचा. महागड्या, स्वतंत्र बटलर असलेल्या ठिकाणी तो वाढवावा लागेल.

– खोली आवरणारा: रात्रीला 3 डॉलर.
– ठरलेला वेटर: दोघांचे मिळून दिवसाला 4 डॉलर.
– बॅगा आणणारा: मोठ्या बॅगेमागे 1 डॉलर, येताना आणि जाताना.
– स्नॉर्कलिंग किंवा डॉल्फिन पाहायला नेणारी बोट: गाइडला 5, बाकीच्या खलाशांना मिळून 5.

दोन माणसं, चार रात्री, दोन मोठ्या बॅगा आणि बोटीची एक फेरी धरली तर हे 42 डॉलर होतात. वरखर्चाला आठ ठेवा आणि पन्नास डॉलर टिपेच्या नावानं घरूनच वेगळे काढा. सहलीच्या खर्चात ही रक्कम आधीच लिहिलेली असली की देताना जीव कासावीस होत नाही आणि कमी दिल्याची टोचणीही लागत नाही.

स्थानिक वस्तीच्या बेटांवर, उदाहरणार्थ माफुशीवर, लहान गेस्टहाउसं असतात. तिथंही बिलात सर्व्हिस चार्ज बघा. पण तिथं काम करणारी माणसं मोजकी असतात. जो चहा देतो तोच तुम्हाला बोटीपर्यंत सोडायलाही येतो. अशा ठिकाणी रोजचा हिशेब न करता शेवटी एकरकमी द्यावं.

कसं द्यावं

सुट्टे डॉलर भारतातून न्या. परकीय चलन देणारे बहुधा शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा पुढे करतात. एक आणि पाचच्या नोटा हव्यात असं आठवडाभर आधी सांगून ठेवा. नोटा स्वच्छ असाव्यात. आपल्याकडे नोटेवर पेनानं आकडे लिहायची सवय आहे, तशी लिहिलेली किंवा फाटकी डॉलरची नोट तिकडे कुणी घेत नाही. नाणी तर अजिबात देऊ नयेत, परदेशी नाणी बदलून मिळत नाहीत. वहिनीनं मालवणच्या मुलाला पाचशेची नोट दिली ते ठीक, तो गावी आल्यावर खर्च करील. तीच नोट तिनं खोली आवरणाऱ्या बांगलादेशी माणसाला देऊ केली, तेव्हा तो बिचारा ती हातात धरून नुसता उभा राहिला.

खोलीत टेबलावर सुटी नोट ठेवून जाऊ नका. पाहुण्याची विसरलेली नोट समजून शहाणा कर्मचारी तिला हात लावत नाही. चोरीचा आळ कोण ओढवून घेईल? पाकिटात घालून वर त्याचं नाव आणि ‘थँक यू’ लिहावं, किंवा सरळ हातात द्यावं. सगळं शेवटच्या दिवसावरही ठेवू नये. त्या दिवशी त्या माणसाची सुट्टी असली तर पैसे भलत्याच्याच हाती पडतात. मी निम्मे दुसऱ्या दिवशी आणि निम्मे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी देते.

चार कुटुंबं मिळून गेलात तर एकच खजिनदार नेमा. नाहीतर एकाच वेटरला चौघं देतात आणि बोटीवरच्यांना कुणीच देत नाही. टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर कंपनी माणशी रोजची टिप आधीच गोळा करते का आणि ती फक्त गाइड-ड्रायव्हरची की हॉटेलातल्यांचीही, हे लेखी विचारून घ्या.

घरचे लाडू, चिवडा जरूर द्या, पण टिपेच्या ऐवजी देऊ नका, टिपेबरोबर द्या. मालदीव मुस्लिम देश आहे, बाहेरून दारू आणायला बंदी आहे. तेव्हा विमानतळावरची बाटली भेट म्हणून न्यायचा विचारही नको.

देश बदलला की हिशेब बदलतो

मालदीवचा हा धडा सगळीकडे जसाच्या तसा चालणार नाही. थायलंडच्या मोठ्या हॉटेलांत 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि 7 टक्के व्हॅट लागतो, पण किनाऱ्यावरच्या साध्या खानावळीत चार्ज नसतो. तिथं वीस-पन्नास बाथ ठेवावेत. बालीच्या हॉटेलांत सर्व्हिस चार्ज आणि कर मिळून बहुधा 21 टक्के वाढतात. मॉरिशसमध्ये 15 टक्के व्हॅट असतो आणि टिप पूर्णपणे तुमच्या मर्जीवर. अमेरिकेत मात्र जेवणावर 18 ते 20 टक्के टिप अपेक्षित असते आणि मायामी बीचवरची बरीच रेस्टॉरंटं ती स्वतःच बिलात घालतात. तिथं न वाचता सही केली तर दुप्पट टिप जाते. म्हणजे देश कोणताही असो, पहिली पायरी एकच: बिलाच्या खालच्या तीन ओळी वाचायच्या.

आणि सेवा खरोखरच वाईट असेल तर? टिप देऊ नका आणि व्यवस्थापकाला शांतपणे सांगा. वेटरवर डाफरून, वर त्याच्या हातात नोट कोंबणं हा दुहेरी अपमान आहे.

ज्यांनी ओढाताण करून सहल जमवली आहे त्यांनी टिपेचं ओझं मुळीच घेऊ नये. सर्व्हिस चार्ज भरलात म्हणजे कुणाचं देणं बुडवलेलं नाही. ज्याचं काम आवडलं त्याला नावानं हाक मारून आभार माना आणि हॉटेलच्या अभिप्रायाच्या कागदावर त्याचं नाव, त्यानं नेमकं काय केलं ते लिहा. असा नावानिशी उल्लेख वरिष्ठ वाचतात आणि तो त्या माणसाच्या कामी येतो. दादानं शेवटच्या दिवशी तसा कागद भरला. त्यात पहिलं नाव फ्रंट ऑफिसमधल्या त्या मुलीचं होतं.