गुंठा विकायच्या आधी

अगं, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा वाटलं, पोरीच्या पाठीबद्दल बोलशील. तू बोललीस जमिनीबद्दल. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, खर्च लाखांत जाईल म्हणाले, जावईबापूंच्या कंपनीची पॉलिसी तीन लाखांची, आणि संध्याकाळी एजंट विसाराचे पैसे घेऊन ओट्यावर हजर. मुळशीत हे नवं नाही. आपल्याकडे दवाखान्यातली बातमी सोयऱ्यांच्या आधी जमीनवाल्यांना कळते. पण घाईतल्या माणसाला भाव कोण देतं, सांग बरं? आधी बाकीची दारं वाजवून बघ. ती सगळी बंद निघाली तर जमीन आहेच.

मी वर्षानुवर्षं दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीआड बसते, म्हणून हे हक्कानं सांगतेय. बाहेरच्या बाजूला उभा असलेला माणूस जे विचारायला हवं ते विचारत नाही, आणि आतलं कुणी आपणहून सांगत नाही.

पैशाचं नंतर. पहिल्यांदा पोरीचं नेमकं काय आहे ते नीट समजून घे. कणा बाजूला वाकलाय, त्याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. तिला उभं करून सबंध पाठीचा एक्स-रे काढला, त्यावर वाकाचा कोन मोजला, तो ५२ अंश भरला. पंचविसाच्या आत असता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. पंचवीस ते चाळीसच्या दरम्यान आणि अंगाची वाढ चालू असती, तर पट्टा बांधून वाक रोखायचा प्रयत्न केला असता. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला की ऑपरेशनची भाषा सुरू होते, कारण एवढा वाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहू शकतो. म्हणजे डॉक्टर काही भलतंच सांगत नाहीयेत. आणि हो, दप्तराच्या ओझ्यानं हे होत नाही, वाकडं बसल्यानंही नाही. वयात येणाऱ्या बहुतेक पोरींमध्ये याचं कारण सापडतच नाही. सासूबाई तुझ्याकडे बोट दाखवतील, त्यांना एवढंच सांग आणि कामाला लाग.

यातली चांगली बाजू ही, की उद्याच्या उद्या टेबलावर घ्यावं असं हे दुखणं नाही. हातात थोडे आठवडे आहेत, फार तर काही महिने. मात्र पायातलं बळ कमी झालं, पाय बधिर पडायला लागले, लघवीवरचा ताबा सुटला, तर कागद जमवत बसायचं नाही. थेट १०८ ला फोन. आणि कुणी कितीही नाव काढलं तरी मणका ‘बसवून देणाऱ्या’कडे पोरीला न्यायचं नाही. त्याबाबतीत मी कुणाचंच ऐकणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. पुण्यात ससूनच्या हाडांच्या ओपीडीत दाखव, नाहीतर शिवाजीनगरला संचेतीत कण्याचा वेगळा विभाग आहे तिथे. तुमच्या तालुक्यातच लवळ्याला सिम्बायोसिसचं मोठं रुग्णालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. नुसतं ‘ऑपरेशन करू का’ एवढंच विचारू नकोस. मुलांच्या वाकलेल्या कण्याची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता, ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारं न्यूरोमॉनिटरिंगचं यंत्र असतं का, रॉड आणि स्क्रू कुठल्या कंपनीचे, त्यांचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का, हे सगळं विचार. बिलातला फार मोठा भाग त्या रॉड-स्क्रूंचा असतो. अंदाजपत्रक कागदावर माग. तोंडी आकड्यावर कुणी जमीन विकतं का?

आता दारं. पहिलं दार रेशनकार्डाचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची आणि दीड लाखाची होती. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही लागू झाली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेली. पण दोन गोष्टी लक्षात ठेव. योजनेत असलेल्या दवाखान्यातच ती चालते, आणि यादीत असलेल्या उपचारांनाच. काही उपचार तर फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवलेले असतात. म्हणून दवाखान्यात शिरलीस की डॉक्टरांच्या आधी योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल शोध. त्याला डॉक्टरांनी लिहिलेलं ऑपरेशनचं नाव दाखव, ते यादीत बसतं का, इम्प्लांट त्यात धरलंय का, पूर्वमंजुरी कधी येईल, ते विचार. यादीत बसत असेल तर तुझ्याकडून वरचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितलेच तर १५५३८८ वर तक्रार कर.

हे सगळं होईल पोरीचं नाव रेशनकार्डावर असेल तरच. आहे का गं? तुझं लग्नानंतर चढवायलाच किती वर्षं गेली होती! पौडला तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन बघ. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतंय ना, तेही बघ. एका वेलांटीपायी मंजुरी अडकलेली मी पाहिलीय.

दुसऱ्या दाराबद्दल लोकांना फारसं माहीतच नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. पुण्यातली बरीच बडी रुग्णालयं ट्रस्टची आहेत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं ४१ कक हे कलम आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिलेली योजना त्यांना लागू आहे. त्यांनी शंभरातल्या दहा खाटा निर्धन रुग्णांना फुकट द्यायच्या आणि आणखी दहा दुर्बल घटकांना सवलतीत. शिवाय एकूण बिलांतले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवायचे. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल घटक म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. जावईबापूंचा पगार धरून तुम्ही दुसऱ्यात बसाल. म्हणजे बिलात निम्मी सवलत. आणि औषधं, इम्प्लांट यांचे पैसे रुग्णालयाला ज्या भावात पडले त्या भावानं लावायचे, छापील किमतीनं नाही. रॉड-स्क्रूंच्या बाबतीत हा फरक केवढा पडतो, ते खिडकीआड बसणाऱ्यालाच माहीत!

पण ही सवलत मागावी लागते, आणि भरती व्हायच्या आधी. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो, त्याला भेट. सोबत रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. खाट रिकामी नाही म्हणाला तर शांतपणे म्हण, लेखी द्या. बऱ्याचदा त्यानंतर खाट सापडते. अशा रुग्णाकडून अनामत रक्कम मागायची नाही, असंही त्या योजनेत आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात अनामत रकमेवरून केवढा गहजब झाला, आठवतंय ना? नियम तेव्हाही होता. मागणाऱ्यालाच तो माहीत नसतो, म्हणून तो कागदावर राहतो. ऐकलंच नाही कुणी, तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आता ती तीन लाखांची पॉलिसी. खोलीच्या भाड्याची मर्यादा बघ. बऱ्याच पॉलिसींत ती विम्याच्या रकमेच्या एक टक्का असते, तुमचीही तशीच असेल तर दिवसाला तीन हजार. त्याहून महाग खोली घेतली की फक्त भाडंच नाही, डॉक्टरांची फी, थिएटरचे पैसे, सगळ्याला त्याच प्रमाणात कात्री लागते. औषधं आणि इम्प्लांट त्यातून सुटतात. तेव्हा जनरल वॉर्डच बरा. विमा कंपनीवाला एखादा ‘जन्मजात दोष’ म्हणून दावा नाकारायला बघेल. म्हणून वाक पहिल्यांदा कधी दिसला, तेव्हा पोरीचं वय काय होतं, हे डॉक्टरांना केसपेपरवर पूर्ण लिहायला सांग. खरं तेच, पण पूर्ण. तरीही नाकारलं तर कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्यात दाद लागली नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, वकील लागत नाही, फी नाही.

पॉलिसी, योजना, धर्मादाय खाट हे सगळं एकाच बिलावर चढतंच असं नाही. म्हणून तिन्हीकडे आधी विचार आणि कुठून कमी पैसे जातात ते ठरवून मगच भरती हो. जनआरोग्य योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज आहे, सिद्धिविनायकाच्या न्यासाकडेही आहे. मोठी रक्कम नसते, पण कमी पडणाऱ्या पैशांना हातभार लागतो.

मध्येच एक. तुझे थोरले दीर पिरंगुटच्या कंपनीत ठेकेदाराकडे आहेत, त्यांची गादी सरकलीय म्हणालीस. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्के कापलेले दिसतात का बघ. एकवीस हजारांच्या आत पगार असणाऱ्याला ते लागू असतं आणि कित्येकांना पत्ताच नसतो. गादी सरकणं हे लांबलेल्या आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग नोकरी असेल तर रजेवर असताना पगाराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. ते बिचारे पट्टा बांधून मशीनवर उभे राहतात.

आता पुन्हा पोरीकडे. एवढं करूनही पैसे कमी पडले, तर पतपेढीचं कर्ज आहे, आणि शेवटी जमीनही आहे. विकायला माझी ना नाही, पोरीपेक्षा माती मोठी नाही. पण तेव्हा किती कमी पडतात ते तुला ठाऊक असेल. दहा गुंठे विकायचे की दोन, ते त्यावर ठरेल. सामाईक सातबारा असेल तर भाऊबंदांच्या सह्यांना लागणारा वेळही धर.

लावणी उरकल्यावर बघू, असं कुणी म्हणेल. कागदांना लावणी आडवी येत नाही. सोमवारी पौडला जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज कर आणि रेशनकार्ड बघून ये. एक्स-रे आणि एमआरआयची सीडी, सगळे जुने कागद एका पिशवीत घाल. मी गुरुवारी सुट्टी टाकते. सकाळी लवकर निघा, चांदणी चौकात गाडी अडकली तर ओपीडीची वेळ निघून जाईल. जावईबापूंनाही आण, पोरीलाही. पाठ तिची आहे, डॉक्टर काय म्हणतात ते तिनंही ऐकू दे.