जोडीचे शास्त्र : हवाई झुंजीतील सहकार्याचा एक अभ्यास

संगणकावरील विमानयुद्धाचे खेळ आता खेड्यापाड्यांतील मुलांनाही अपरिचित राहिलेले नाहीत. ‘आयएल-२ स्टुर्मोविक’, ‘वॉर थंडर’, ‘डीसीएस वर्ल्ड’ अशा सिम्युलेटरांत दूरदूरचे खेळाडू इंटरनेटद्वारे एकाच आभाळात उतरतात व परस्परांशी झुंजतात. पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, आणि पुष्कळदा तो असतोही. तथापि या खेळात एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. एकेकटे उत्तम विमान चालविणारे चार खेळाडू, मध्यम कौशल्याच्या पण एकमेकांस धरून लढणाऱ्या चौघांपुढे टिकत नाहीत. असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. युद्धाचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. जिथे चूक झाल्यास प्राण जातो, तिथे माणसांनी सहकार्याचे नियम कसे शोधले, हे पाहणे आपणां सर्वांस उपयोगी आहे.

एकट्याची मर्यादा

शत्रूवर नेम धरणाऱ्या वैमानिकाची दृष्टी समोर खिळलेली असते. त्याच क्षणी त्याची पाठ उघडी पडते. हवाई युद्धांच्या इतिहासात पुष्कळ वैमानिक आपल्यावर हल्ला करणाऱ्यास न पाहताच कोसळले. यावर उपाय एकच, तो म्हणजे आपल्या पाठीकडे पाहणारे दुसरे डोळे.

पहिल्या महायुद्धात जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के यांनी १९१६ मध्ये हवाई झुंजीचे नियम लिहून काढले. अनेकांनी मिळून एकाच शत्रूच्या मागे लागू नये, ही ताकीद त्यांत होती. दुर्दैव असे की, त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी ते व त्यांचे सहकारी एर्विन बोमे एकाच विमानाचा पाठलाग करीत असताना दोघांची विमाने एकमेकांस घासली आणि बोल्के मृत्यू पावले. नियम ठाऊक असणे आणि ऐन धांदलीत तो पाळला जाणे यांत किती अंतर असते, हे या घटनेवरून ध्यानी येते.

जोडी हाच घटक

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश विमाने तिघातिघांच्या घट्ट रचनेत उडत. दोन्ही बाजूंच्या वैमानिकांचे लक्ष आपली जागा सांभाळण्यातच खर्ची पडे. आभाळ पाहावयास एकटा पुढारी उरे. याउलट वेर्नर म्योल्डर्स यांनी १९३८ च्या सुमारास स्पेनमधील यादवी युद्धात दोन विमानांची सुटी जोडी, आणि अशा दोन जोड्यांची चौकडी, ही पद्धत रूढ केली. हाताची चार बोटे पसरली असता नखांची जी मांडणी दिसते, तशी ही रचना असते. अंतर मोकळे असल्याने प्रत्येकास सभोवार पाहता येते. पुढे ब्रिटिशांनीही हीच रचना स्वीकारली.

जोडी हा कामाचा सर्वांत लहान घटक असतो, हे बीड जिल्ह्यास निराळे सांगावयास नको. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. एकटा मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. एकाने तोडावे, दुसऱ्याने मोळी बांधावी, आणि दोघांच्या कामाची उचल एकत्र ठरावी. हंगामात ज्यांचे आईवडील फडावर असत आणि जे स्वतः वसतिगृहात राहून शिकले, त्यांना अर्धा कोयता या शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. त्या जोडीचे कष्ट खेळाच्या पंक्तीस बसविणे योग्य होणार नाही. परंतु काम वाटून घेण्याचे तत्त्व मात्र तेच आहे.

काडेपेटीतील काड्यांचा पाठ

जपानचे ‘झिरो’ विमान अमेरिकेच्या ‘वाइल्डकॅट’पेक्षा अधिक चपळ होते. वळण्यात आणि चढण्यात त्याची बरोबरी अशक्य होती. अमेरिकी नौदलातील वैमानिक जॉन थॅच यांनी १९४१ मध्ये घरच्या टेबलावर काडेपेटीतील काड्या मांडून यावर तोड शोधली. दोन विमानांनी अंतर राखून समांतर उडावे. एकाच्या पाठीशी शत्रू लागला की दोघांनीही एकमेकांच्या दिशेने वळावे. पाठलाग करणारा शत्रू आपल्या सावजामागे वळतो आणि आपसूक दुसऱ्याच्या तोफांसमोर येतो. जून १९४२ मधील मिडवेच्या लढाईत ही युक्ती यशस्वी ठरली. साधन दुबळे असतानाही सहकार्याने उणीव भरून काढता येते, याचे हे निर्विवाद उदाहरण होय.

हलवाऱ्याचे आकाश

आपल्या देशाच्या इतिहासातील एक प्रसंग पाहू. ६ सप्टेंबर १९६५ च्या सायंकाळी पंजाबातील हलवारा तळावर तीन पाकिस्तानी सेबर विमाने चालून आली. तळावर पहारा देणाऱ्या हंटर विमानांच्या जोडीत प्रकाश पिंगळे आणि गांधी हे वैमानिक होते. दोघांचीही विमाने पडली. दोघेही हवाई छत्रीने उतरून वाचले. तेवढ्यात राठोड व नेब ही दुसरी जोडी पोहोचली. त्यांनी लक्ष्ये वाटून घेतली आणि दोन सेबर पाडली.

प्रतिपक्षाची गोष्टही न्यायाने सांगितली पाहिजे. त्या तुकडीचे नायक सरफराज रफीकी यांच्या तोफा ऐन झुंजीत बंद पडल्या. त्यांनी नेतृत्व सेसिल चौधरी यांच्या हाती दिले आणि स्वतः माघारी न फिरता साथीदाराची पाठ राखीत राहिले. ते परतले नाहीत. शस्त्र निकामी झाले तरी जोडीदाराचे कर्तव्य संपत नाही, ही जाणीव सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखीच होती.

दहाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, पिंगळे पुन्हा आकाशात होते. या वेळी जोडीदार होते फारुख बुन्शा. त्या झुंजीत बुन्शा यांनी प्राण गमावले, तर पिंगळे यांनी एक सेबर पाडले. जोडी म्हणून उडणाऱ्यांपैकी एकच परत येणे, हे दुःख विजयाच्या हिशेबात मावत नाही.

अभ्यासकांसाठी पाच नियम

१. कामे आधी वाटून घ्यावीत. एक लढणारा, दुसरा राखणारा. राखणाऱ्याने वर, वेग सांभाळून राहावे. उंची ही साठविलेली पुंजी आहे. ती वेगात मोडता येते.

२. थोडके आणि नेमके बोलावे. प्रथम ज्यास सांगावयाचे त्याचे नाव, मग दिशा, मग कृती. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगतात: बारा वाजता म्हणजे समोर, सहा वाजता म्हणजे पाठीमागे.

३. गरजेप्रमाणे भूमिका बदलावी. लढणाऱ्याची पकड सुटली की त्याने तसे सांगावे आणि राखणाऱ्याने पुढे व्हावे. यात मानापमान नाही.

४. शत्रूवर दोन बाजूंनी जावे. तो एकाकडे वळला की दुसऱ्यास पाठ देतो.

५. झुंजीनंतर एकत्र बसून चर्चा करावी. अनेक सिम्युलेटरांत झुंजीची नोंद पुन्हा पाहता येते. ‘कोण चुकले’ यापेक्षा ‘काय दिसले नाही’ हा प्रश्न अधिक फलदायी असतो.

समारोप

हे सारे शिकण्यास महागडा संगणक लागत नाही. वसतिगृहाच्या फरशीवर तीन काड्या मांडून थॅच यांची युक्ती कोणासही पडताळता येईल. ज्यांना या विषयाची खरी ओढ आहे, त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था १९७७ पासून कार्यरत आहे, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार २०२२ पासून मुलींसाठीही उघडले आहे. पालकांनी याची अवश्य नोंद घ्यावी.

बहुसंख्य विद्यार्थी वैमानिक होणार नाहीत. ते शिक्षक, परिचारिका, शेतकरी, अधिकारी होतील. त्या प्रत्येक क्षेत्रात कोणी तरी समोर पाहून काम करीत असेल आणि त्याची पाठ उघडी असेल. अशा वेळी न सांगता तिकडे लक्ष ठेवणारा एक जण जवळ असावा, आणि तो आपण असावे, एवढे या अभ्यासातून घेतले तरी पुरे.