अपुऱ्या दिवसांचे बालक

सातमाशा जगतो, आठमाशा जगत नाही, असे आपल्या खेड्यांतून अद्यापि बोलले जाते. हे खरे नव्हे. उदरात जितके दिवस अधिक मिळतात तितके बालकाचे बळ वाढते. म्हणून आठमाशाची आशा सातमाशाहून अधिकच असते. या समजुतीने घरची माणसे आधीच निराश होतात आणि बालकाची हयगय होते, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे बालक होय. त्याच्या कातडीखाली चरबी फार थोडी असते, यास्तव ते लवकर गार पडते. आणि गारठलेले बालक दूध ओढीत नाही.

१९७८ साली दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरी एका रुग्णालयात अशा बालकांना ऊब देणाऱ्या काचपेट्या पुरत नव्हत्या. तेव्हा डॉ. एद्गार रेय सानाब्रिया यांनी बालकास आईच्याच उराशी, कातडीस कातडी लावून ठेवण्यास आरंभ केला. कांगारू नावाच्या प्राण्याची मादी पिल्लास पोटाच्या पिशवीत बाळगते, त्यावरून या रीतीस कांगारू मदर केअर म्हणतात.

ही गरिबांची तडजोड, असे पुष्कळांस वाटले. परंतु भारत व आफ्रिकेतील चार देश यांतील रुग्णालयांत ३,२११ अतिलहान बालकांवर झालेल्या परीक्षेचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिरावेपर्यंत ज्यांस यंत्राच्या उबेत वेगळे ठेवले त्यांपैकी शेकडा १५.७ अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावली. जन्मताच उराशी दिलेल्यांपैकी शेकडा १२. औषधोपचार दोहोंसही होते.

रीत अशी : बालकास टोपी, मोजे व लंगोट एवढेच घालावे. आईच्या स्तनांमध्ये उभे धरून मान एका बाजूस वळवावी, नाक-तोंड मोकळे ठेवावे, व वरून मऊ लुगड्याने दोघांस बांधावे. दिवसातून निदान आठ तास तरी असे ठेवावे; अधिक तितके उत्तम. पहिला चीक टाकू नये. ओढता येत नसेल तर पिळून, परिचारिका दाखवील त्या रीतीने पाजावा. न्हाऊ घालण्याची घाई नको. आई थकली तर बापाने सदरा काढून बालक उराशी घ्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

घरी प्रसूती झाली तर बालकास विलंब न करता दवाखान्यात न्यावे, आणि वाटेतही गाठोड्यात नव्हे, उराशी धरूनच न्यावे.