मिठाचें मैदान

विहिरीचें पाणी ताटलींत घेऊन उन्हांत ठेविलें असतां तें आटून जातें व तळाशीं पांढरा डाग राहतो. पाण्याची वाफ झाली. त्यांत विरघळलेला क्षार मागें राहिला. ही लहानशी गोष्ट ध्यानांत धरून आम्ही वाचकांस दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशांत नेतों.

तेथें अँडीज पर्वताच्या रांगांमध्यें, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६५० मीटर उंचीवर, उयुनीचें मिठाचें मैदान पसरलें आहे. त्याचें क्षेत्रफळ १०,००० चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाएवढें भरतें. कोरड्या दिवसांत त्यावर मिठाच्या षट्कोनी चौकटी उमटतात. पावसाळ्यांत पाण्याचा पातळ थर सांचून सारें आकाश आरशांतल्याप्रमाणें खालीं दिसतें.

इतकें मीठ तेथें आलें कोठून? भोवतालच्या डोंगरांवरील पाणी क्षार घेऊन तेथें उतरतें. परंतु समुद्राकडे जाण्यास त्याला वाट नाहीं. प्राचीन काळीं तेथें विस्तीर्ण सरोवरें होतीं. तीं आटलीं व मीठ उरलें. उंची हें याचें कारण नव्हे. यार्देन नदी ज्यास मिळते तो क्षारसमुद्र समुद्रसपाटीहून ४०० मीटरांपेक्षां अधिक खालीं आहे. तोही खाराच, कारण त्यांतूनही कोणती नदी बाहेर पडत नाहीं.

आमच्या माळशिरस तालुक्याच्या उत्तर सीमेवरील नीरा भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा समुद्रास. नदीला वाट आहे. शेतांतील पाण्याला ती असतेच असें नाहीं. उंसाला कालव्याचें पाणी बेसुमार दिलें व काळ्या जमिनींतून निचरा झाला नाहीं, म्हणजे जमिनीखालील पाणी वर चढतें, उन्हानें आटतें आणि क्षार पृष्ठावर येतो. पलीकडील तीरावर नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. पंचवीस वर्षांनीं, १९१० सालीं, डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांना नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली.

उयुनीची शुभ्रता पाहण्यास देशोदेशींचे लोक जातात. तीच शुभ्रता आपल्या शेतांत दिसली तर कणगी रिकामी राहते. यास्तव पालकांनीं पाणी बेतानें द्यावें व निचऱ्यासाठीं चर खणावे, आणि विद्यार्थ्यांनीं ताटलींतील तो पांढरा डाग घरीं दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे.