गळू उष्णतेचं नव्हतं

कोल्हापुरात तालमीला जाणाऱ्या पोराला गळू झालं की निदान घरीच होतं: उष्णता. आंबे बंद, थंडाई सुरू. माझ्या मुलाचंही तेच झालं. मांडीवरचं बसलं की कमरेवर, मग लंगोटाच्या कडेला. दवाखान्यात दरवेळी नव्या गोळ्या मिळायच्या. पू मात्र कुणी तपासला नाही.

तो तपासला त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंनी. चिरा देऊन पू काढला आणि कल्चरला पाठवला. जंतू निघाला स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आधीच्या गोळ्यांना दाद न देणारा.

म्हणून सांगतो, गळू पुन्हा पुन्हा येत असेल तर पुढचं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी पू तपासायला सांगा. पिकलेल्या गळवात औषध नीट पोचत नाही, पू बाहेर काढावाच लागतो. पण तो डॉक्टरांनी. नाकाओठांजवळचं गळू तर घरी मुळीच पिळू नका. रक्तातली साखरही एकदा बघून घ्यावी. रात्री खाज सुटत असेल, घरात इतरांनाही, तर आधी खरूज शोधा. मेडिकलमधून आपणच आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने लाली दबते, जंतू माजतो.

हा जंतू साधारण दहातल्या तिघांच्या नाकात बिनबोभाट राहतो. त्यामुळे बाईंनी घरातल्या सगळ्यांनाच पाच दिवस, दिवसातून दोनदा, नाकात म्युपिरोसिनचं मलम लावायला सांगितलं. शिवाय क्लोरहेक्सिडिनने अंघोळ. ‘मला कुठं काय झालंय?’ म्हणून आजोबा रुसले, पण त्यांनीही लावलं. टॉवेल ज्याचा त्याचा झाला, लंगोट रोज गरम पाण्यात.

हे तालमीत सांगितलं, तेव्हा वस्तादांना वाटलं, मी मातीला नावं ठेवतोय. ‘हळद, ताक, लिंबू घातलेली माती आहे, पाटील!’ माझं भांडण मातीशी नव्हतंच. एका टॉवेलने चार पोरं अंग पुसतात, त्याच्याशी होतं. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत 72 तास औषध, 48 तास एकही नवी पुळी नाही आणि पू वाहणं बंद, एवढं झाल्याशिवाय पैलवानाला उतरू देत नाहीत. स्पर्धा तोंडावर असताना वस्तादांना हे पटवणं औषधापेक्षा अवघड गेलं.

ताप आला किंवा लाली झपाट्याने पसरली तर थांबू नका. आणि गळवाऐवजी पिवळ्या खपल्यांच्या पुळ्या आल्या असतील, तर त्या बऱ्या झाल्यावरही पाच-सहा आठवडे मुलाकडे लक्ष असू द्या: सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या.