फेस मारण्याआधी मोजून घ्या

भोर-वेल्ह्याच्या माणसाला घाट चुकत नाही. महाडला उतरायचं तर वरंधा, वेल्ह्याहून खानापूरकडे जायचं तर पाबे. सपाटीवर गोड चालणारी जुनी गाडी या चढांवर दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावू लागली की तिचं खरं दुखणं उघडं पडतं. त्यातलं सगळ्यात महागडं दुखणं म्हणजे सिलिंडर हेड. ते कुणाच्या हातात द्यायचं, हे ठरवताना पुढचा अनुभव उपयोगी पडावा म्हणून लिहितो आहे.

आमच्या घरी प्रीमिअर पद्मिनी आहे. फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची. तिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं तर आधी वाकतं ते हेड, आणि मग गॅसकेट जातं. आमच्याकडे तेच झालं. महाडहून परत येताना वरंधा चढत असताना काटा लाल पट्ट्यात गेला. घरी येऊन डिपस्टिक काढली तर तेल दुधाळ झालेलं. तेलात पाणी उतरलं होतं.

मेकॅनिकने हेड उतरवलं आणि ते जवळच्या मशीन शॉपला गेलं. तिथे ट्रॅक्टर आणि जीपच्या हेडची रीघ असते. मालकाने हेड हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, “फेस मारून ठेवतो, संध्याकाळी घेऊन जा.” फेस मारणं म्हणजे हेडची खालची बाजू मशीनवर कापून सपाट करणं. संध्याकाळी मिळालेलं हेड आरशासारखं चकाकत होतं. गाडी जोडली, नसरापूरपर्यंत छान धावली. पाबे घाटात मात्र पुन्हा पाणी खाऊ लागली. बाहेर कुठे एक थेंब गळत नव्हता.

हेड पुन्हा उतरलं. या वेळी ते पुण्यातल्या एका जुन्या कारागिराकडे नेलं. त्यांनी मशीनला हातही लावला नाही. म्हणाले, “आधी धुतो, मग मोजतो, मग तुम्हाला फोन करतो. तोवर दर विचारू नका.” कार्बन पूर्ण निघाल्यावर त्यांनी पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद केल्या, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्यात बुडवलं. एका सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधून बारीक बुडबुडे येऊ लागले. तिथे केसाएवढा तडा होता. गार हेडवर तो डोळ्यांना दिसत नव्हता, तापल्यावर उघडत होता.

पहिल्या दुकानात हा तडा कुणी शोधलाच नव्हता. त्याहून मोठं नुकसान वेगळंच होतं. आर्गॉन वेल्डिंगने तडा भरता येतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने हेड पुन्हा थोडं हलतं आणि त्याला पुन्हा फेस मारावा लागतो. त्यासाठी लागणारी जाडी आधीच्या कामात उगाच उडवलेली होती. फेस जितका जास्त मारावा तितकी जळण्याची जागा लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन ठोकू लागतं. हेड वाचलं, पण अगदी काठावर. आता त्याला आणखी एकदा फेस मारायला जागा नाही.

म्हणून सांगतो, दुकान निवडताना दर, अंतर किंवा किती लवकर देणार, यावरून ठरवू नका. पुढच्या गोष्टी विचारा.

कापण्याआधी काय तपासणार, हे सगळ्यात आधी. हेड किती वाकलं आहे हे सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घालून मोजतात. लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरक्या रेषांवर. अशा लहान अ‍ॅल्युमिनियम हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो. आकडा लिहून मागा. फेस मारल्यावर किती धातू गेला, तोही लिहून घ्या. जो आकडा सांगू शकत नाही, त्याने मोजलेलं नाही.

तडा कसा शोधणार, हे दुसरं. बिडाच्या हेडला चुंबक आणि लोखंडी भुकटी लावून तडा दिसतो. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. तिथे झिरपणारा रंग किंवा प्रेशर टेस्ट हवी. हा फरक विचारून बघा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तो दिवसभर बिडाची कामं करतो, असं समजा. ट्रॅक्टरच्या कामात तो कदाचित उत्तम असेल, पण तुमचं हेड त्याच्यासाठी नाही. ॲम्बेसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन असेल तर गोष्ट उलटी, कारण त्याचं हेड बिडाचंच आहे. मारुती ८०० ची तऱ्हा आणखी वेगळी. तिचा कॅमशाफ्ट हेडमध्येच बसतो. हेड वाकलं की कॅमची रेषाही वाकते, आणि नुसता खालून फेस मारून ती सरळ होत नाही.

तिसरं, कामाचा क्रम. आधी व्हॉल्व्हचं गाईड, मग सीट. सीट कापणाऱ्या हत्याराचा दांडा गाईडमध्ये बसतो. गाईड सैल असेल तर सीट वाकडीच कापली जाणार. तपासणं सोपं आहे: व्हॉल्व्ह थोडा वर उचलून बोटाने बाजूला हलवा, खडखड जाणवली तर गाईड गेलं. हेड परत मिळाल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडावरची करडी कडी बघा. ती सगळीकडे सारख्या रुंदीची आणि कुठेही न तुटलेली हवी. मग व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेलं हेड उलटं ठेवून प्रत्येक खळग्यात थोडं रॉकेल ओता आणि पोर्टमध्ये बघा. ओल आली तर ते हेड घरी आणू नका.

दुकान चांगलं मिळालं तरी जोडणी नीट हवी. बोल्टच्या भोकांत तेल-पाणी साचू देऊ नका, नाहीतर आवळताना ब्लॉक फुटू शकतो. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळा. आणि गाडी मुळात का तापली, ते शोधा. रेडिएटर तुंबलेला असेल तर सर्वोत्तम हेडही पुढच्या घाटात जाईल.

हे सगळं आता का जपायचं, तेही सांगतो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. तिची २० वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींच्या जोरावर जे सुटे भाग आणि जे कारागीर टिकून होते, त्यांचा रोजचा आधार संपला. खराब झालेल्या हेडच्या जागी दुसरं सहज मिळेल, हे दिवस राहिले नाहीत.

तेव्हा माझं आग्रहाचं सांगणं एवढंच. हेड देताना “आधी मोजा, मला आकडे सांगा, माझ्या होकाराशिवाय कापू नका” असं स्पष्ट सांगा. हे ऐकून जो रागावेल, त्याच्याकडून हेड उचला आणि पुण्यापर्यंत जावं लागलं तरी जा. धुवायला आणि मोजायला जो वेळ मागतो, त्याला तो द्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता चुकते करा. असे हात टिकले तरच या गाड्या टिकतील.