टाकसाळीची चूक की कानशीची करामत?

आपल्या देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टाकसाळी आहेत. सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असली तर नाणं मुंबईचं, चांदणी असली तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. म्हणून खूण नाही म्हणजे नाणं चुकलं, असं समजू नका.

टाकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांची कड दाबून उचलतात आणि मग दोन ठशांमध्ये जोरात दाबतात. यात क्वचित चूक होते. असं नाणं जमवणारे लोक जादा पैसे देतात. म्हणून काही लोक घरीच कानस घेऊन बसतात!

नाण्यावर रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. ठसा तडकला तर धातू चिरेत शिरतो आणि उंच रेघ उठते. गणपतीच्या साच्याला चीर पडली की मूर्तीवर येते, तशीच. खोल रेघ म्हणजे बहुतेक नुसता ओरखडा.

कधी पट्टी नीट पुढे सरकत नाही. मग चकती आधीच्या भोकावर कापली जाते आणि नाणं भाकरीचा घास तोडल्यासारखं दिसतं. अशा खऱ्या नाण्याची समोरची कडसुद्धा पुष्कळदा बसकी असते, कारण कड उचलताना तिथे पुरता दाब मिळत नाही. कानशीने कापलेल्याची समोरची कड चांगली उभी असते. कानस मारणाऱ्याला हे कुठून सुचणार?

गेल्या महिन्यात बाजारात एक जण साल नसलेला रुपया माझ्या मामाला हजार रुपयांना देत होता. मामाने बियाण्याचे पैसे काढलेसुद्धा. आजी म्हणाली, "थांब रे, आधी सोनाराकडे तोल." ठशात वंगण भरलं तर आकडे खरंच उठत नाहीत, पण धातू कमी होत नाही. १९९२ पासून निघालेला कणसांचा मोठा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा असतो. आजीच्या बटव्यातला झिजलेला रुपया ४.८२ भरला, त्या माणसाचा ४.६८. भिंगातून पाहिलं तर सालाच्या जागी खळगा आणि एकाच दिशेच्या बारीक रेघा. मामाने पैसे परत खिशात घातले.

रेल्वेखाली चेंगरलेलं किंवा तेजाबात टाकलेलं नाणं ही टाकसाळीची चूक नव्हेच. ते दुकानदारसुद्धा घेत नाही.

बाईंच्या टेबलावर डबीत दोन नाणी आहेत, एक उंच रेघेचं, एक ओरखड्याचं. भिंग पण आहे. पाहून झालं की परत डबीत ठेवा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी